थर्ड-पार्टी अ‍ॅडव्हेंचर घेताय? आधी मधलं पान उघडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, खेळायला लागून वर्षभर झालं, की ग्रुपमधल्या कुणाच्या तरी गळ्यात डीएमपदाची, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याची, माळ पडते. बहुतेकदा ज्याच्या घरी मोठं टेबल आहे त्याच्या. ती तुमच्या गळ्यात पडली असेल आणि स्टार्टर सेटमधलं अ‍ॅडव्हेंचर (तयार लिहिलेली साहसकथा) संपवून तुम्ही 'आता पुढे काय' म्हणत पीडीएफच्या दुकानात शिरला असाल, तर दोन मिनिटं थांबा.

माझी पहिली खरेदी छत्तीस पानांची होती. कव्हर असं, की फ्रेम करून भिंतीला लावावं. आत पहिली साडेचार पानं एका राजघराण्याचा इतिहास, आणि तो खेळाडूंना कळायची आतमध्ये कुठेही सोय नाही. तिसऱ्या खोलीत पुढे जायचा एकमेव रस्ता म्हणजे एक गुप्त दार. ते शोधायला पर्सेप्शनचा (बारकाईने हेरायचा) फासा १५ हवा. पाच जणांनी फासे टाकले, पाचही जण आपटले. मग त्यांनी भिंती ठोकल्या, जमीन उकरली, मशाल धरून वारा कुठून येतो ते पाहिलं. पंचवीस मिनिटांनी मी शरण गेलो आणि म्हणालो, "बरं, सापडलं दार." त्यावर एकीने शांतपणे विचारलं, "मग फासे कशाला टाकायला लावलेस?"

याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून एखादं अ‍ॅडव्हेंचर वाचायला कसं आहे हे मी बघत नाही. रात्री साडेनऊला चार-पाच जण तोंडाकडे बघत बसलेले असताना ते हाताशी येतं का, एवढंच बघतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका प्रश्नाच्या आहेत.

थर्ड-पार्टी म्हणजे कोण, ते थोडक्यात

डी अँड डी १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलं. आता ते विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या मालकीचं आहे. मूळ कंपनीखेरीज इतरांनी या खेळासाठी काढलेलं साहित्य ते थर्ड-पार्टी. ही परंपरा खेळाइतकीच जुनी म्हणता येईल, कारण जजेस गिल्ड नावाची अमेरिकन मंडळी १९७६ पासूनच अशी पुस्तकं काढत होती. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स आलं आणि कुणालाही नियमांचा गाभा वापरून पुस्तक विकता येऊ लागलं. दुकानांत पूर आला आणि पुरात येतं ते सगळं आलं. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१६ मध्ये तसेच खुले झाले, त्याच सुमारास डीएम्स गिल्ड हे ऑनलाइन दुकान सुरू झालं. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने लायसन्स बदलायचा घाट घातला, खेळणाऱ्यांनी रान उठवलं आणि महिना संपायच्या आत ते मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे खुले करून टाकावे लागले.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की आज कुणीही अ‍ॅडव्हेंचर लिहून विकू शकतो आणि मध्ये चाळण लावणारं कुणी नाही. ही तक्रार समजू नका. मी चालवलेली सगळ्यात चांगली दोन अ‍ॅडव्हेंचर्स एकट्यादुकट्या माणसांनी लिहिलेली, बारा-पंधरा पानांची होती. फक्त चाळण आपल्याला लावावी लागते.

हाताशी काय हवं

– पेन्सिल आणि कोरा कागद
– फोनमधलं स्टॉपवॉच
– सर्च चालतो असा पीडीएफ रीडर
– तुमच्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे फुकट मिळणारा मूळ नियमांचा दस्तऐवज
– तुमच्या खेळाडूंची लेव्हल (पात्र किती वर चढलंय ती पायरी), संख्या आणि कुणाकडे कोणता क्लास (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) आहे याची चिठ्ठी
– परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड, कारण बहुतेक दुकानांत किमती डॉलरमध्ये असतात

छापील पुस्तकाचा मोह सुरुवातीला टाळा. पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त, हा अनुभव तुम्हाला लवकरच येईल.

पायरी १: आधी आपली गरज लिहून काढा

एका ओळीत लिहा: कोणती आवृत्ती, किती लेव्हल, किती माणसं, किती रात्री. 'फाइव्ह-ई, लेव्हल २, चार जण, दोन शनिवार.' बस. (फाइव्ह-ई म्हणजे पाचवी आवृत्ती.) ही ओळ न लिहिता दुकानात गेलात, तर दोनशे पानांचं कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारी गोष्ट, घेऊन बाहेर पडाल आणि ते कायम फोल्डरमध्ये राहील. माझ्याकडे अशी किती आहेत ते मी घरात सांगितलेलं नाही.

आवृत्तीची एक गोम आहे. २०१४ आणि २०२४ या दोन्ही सालांच्या पुस्तकांना लोक फाइव्ह-ईच म्हणतात. जुनं अ‍ॅडव्हेंचर नव्या नियमांवर चालतं, पण राक्षसांचे आकडे आणि लढाईचा हिशेब बदललेला आहे. लेखकाने कोणतं साल धरलंय ते दुकानाच्या पानावर किंवा श्रेयनामावलीत बघा.

पायरी २: दुकानाचं पान चाळा, पण त्यावर विसंबू नका

ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात आणि डीएम्स गिल्डवर बहुतेक पीडीएफचा प्रिव्ह्यू फुकट दिसतो. त्यात काय असतं? कव्हर, श्रेय, अनुक्रमणिका, प्रस्तावना, पार्श्वभूमी. म्हणजे टेबलावर ज्यांचा काडीचा उपयोग नाही नेमकी तीच पानं. जो प्रकाशक प्रिव्ह्यूत डंजनमधल्या, म्हणजे जिथे खेळ घडतो त्या भुयारातल्या, खऱ्या दोन-तीन खोल्या आणि नकाशाचा तुकडा दाखवतो, त्याला आपल्या मालाची खात्री आहे असं समजायला हरकत नाही. मी तर आता खोल्या न दिसणारं काही पैसे देऊन घेतच नाही. 'पे व्हॉट यू वाँट' असेल तर शून्य टाकून उतरवावं, आवडलं तर परत येऊन पैसे द्यावेत.

तिथे नावासमोर तांबं, चांदी, सोनं करत मिथरल, अ‍ॅडमँटिनपर्यंतचे बिल्ले दिसतील. ते विक्रीचे आहेत, गुणांचे नव्हेत. तांब्याचा बिल्ला पन्नासच्या वर प्रती खपल्या की मिळतो. नव्या लेखकाच्या उत्तम पुस्तकाला काहीच नसतं आणि प्रसिद्ध नावाच्या सुमार पुस्तकाला सोनं असतं.

रिव्ह्यू वाचताना एकच शब्द शोधा: 'रॅन'. म्हणजे 'आय रॅन धिस', मी हे चालवलं. 'काय सुंदर चित्रं', 'काय मांडणी', 'वाचूनच अंगावर काटा आला' असं लिहिणाऱ्याने फासा हातात घेतलेला नाही. पाच तारे देणाऱ्या दहा वाचकांपेक्षा 'मी सहा जणांना चालवलं, दुसऱ्या रात्री मधला भाग ओढला गेला' असं सांगणारा तीन ताऱ्यांचा माणूस तुमच्या कामाचा. पुरस्कारांचंही तसंच. अशा टेबलावरच्या खेळांसाठी २००१ पासून चालू असलेल्या एनी पुरस्कारांत नामांकनं परीक्षक ठरवतात आणि विजेता लोकांच्या मतांवर ठरतो. त्यामुळे मला विजेत्यापेक्षा नामांकनांची यादी जास्त उपयोगी वाटते.

श्रेयनामावलीत 'प्लेटेस्टर्स', म्हणजे छापण्याआधी खेळून बघणारे, शोधायला विसरू नका. दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांची नावं असतील तर बहुधा कुणीतरी तिसऱ्या खोलीतल्या दारावर आधीच डोकं आपटून घेतलंय. नावंच नसतील तर प्लेटेस्टर तुम्ही, आणि तेही पैसे देऊन.

पायरी ३: मधलं पान उघडा

हीच खरी परीक्षा. पीडीएफ हातात आलं की प्रस्तावना वाचू नका. पानांच्या संख्येचा निम्मा आकडा टाका आणि जी खोली समोर येईल ती घ्या. स्टॉपवॉच लावा. तीस सेकंदांत तीन गोष्टी कळायला हव्यात: दार उघडल्यावर खेळाडूंना काय दिसतं, तिथे कोण आहे आणि त्याला काय हवंय, आणि खेळाडूंनी हात लावला तर काय होतं.

वाईट खोली कशी असते ते दाखवायला मीच एक पाडून ठेवतो:

'खोली १४. हे दालन एके काळी मठाच्या कोठाराध्यक्षाचं होतं. दुष्काळाच्या काळात त्याने धान्य लपवून ठेवलं आणि पुढे पश्चात्तापाने त्याने स्वतःला इथेच कोंडून घेतलं. त्यानंतर बरीच वर्षं ही खोली रिकामी होती. भिंतींवर एके काळी सुंदर चित्रं होती, ती आता पुसली गेली आहेत. पूर्वेला एक कपाट असून त्यात काही नाही. कपाटामागून दोन शॅडो आत शिरणाऱ्यांवर झडप घालतात.'

मोठ्याने वाचून बघा. तुम्ही कोठाराध्यक्षाच्या पश्चात्तापापर्यंत पोचता तोवर खेळाडू कपाट उघडून मोकळे झालेले असतात, आणि तुम्हाला शॅडोंचा, म्हणजे सावलीसारख्या राक्षसांचा, पत्ता शेवटच्या ओळीत लागतो. मग 'थांबा थांबा, त्याआधी काय झालं माहितीय का' करत वेळ मागे न्यायची. आता तीच खोली:

'१४. कोठार. कुजक्या धान्याचा वास. भिंतीवर पुसट चित्रं: पोती वाटणारा साधू, शेवटच्या चित्रात तो पाठमोरा. पूर्वेला उघडं कपाट, रिकामं. कपाटामागे दोन शॅडो. उजेडाला बिचकतात, मशाल पुढे केली तर मागे सरतात. कपाट सरकवलं तर मागे हाडांचा सांगाडा, मुठीत तळघराची किल्ली.'

इतिहास तोच आहे. पण तो आता भिंतीवर आहे, वासात आहे, सांगाड्याच्या मुठीत आहे. खेळाडू तो शोधून काढू शकतात. आणि शॅडोला मारण्याखेरीज आणखी एक वाट मिळाली. माझ्या लेखी चांगल्या लेखकाची खूण हीच, की त्याची पार्श्वभूमी खेळाडूंच्या हाताला लागते.

अशा तीन खोल्या तीन वेगळ्या ठिकाणांहून बघा. एक फसली तर चालेल, तीनही फसल्या तर पुस्तक मिटा.

चौकटीत छापलेला, खेळाडूंना वाचून दाखवायचा मजकूर असेल तर त्यावरही घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटापेक्षा लांब गेला की लोकांचे हात फोनकडे जातात, निदान आमच्याकडे तरी. आणि त्या चौकटीत खेळाडूंच्या वतीने भावना लिहिलेल्या असतील, 'तुमचा थरकाप उडतो', 'तुम्ही पुढे पाऊल टाकता', तर खुशाल एक गुण कापा. थरकाप उडायचा की नाही ते बार्बेरियन (रांगडा योद्धा) खेळणारा ठरवेल.

आता सर्च. 'द कॅरेक्टर्स विल' हे शब्द पीडीएफमध्ये शोधा. खेळाडू अमुक करतीलच, असं गृहीत धरून लेखक जेवढ्या वेळा लिहितो तेवढ्या वेळा तुम्ही टेबलावर अडकणार. खेळाडू 'तीलच' असं काहीही करत नाहीत. 'जर केलं तर' अशी वाक्यं जास्त दिसली पाहिजेत. तसंच महत्त्वाच्या जागी 'हे डीएमने ठरवावं' असं वारंवार आलं तर समजा, लेखकाने काम तुमच्यावर ढकलून पैसे मात्र स्वतः घेतले.

पायरी ४: नकाशावर पेन्सिल फिरवा

नकाशा कागदावर उतरवा. चित्रं सोडा, फक्त खोल्या म्हणजे गोळे आणि वाटा म्हणजे रेघा. एक, दोन, तीन, चार अशी सरळ रांग आली, तर ते डंजन नव्हे, आगगाडी आहे. खेळाडू डब्यातून डब्यात जाणार आणि शेवटच्या डब्यात खलनायक बसलेला असणार. एका संध्याकाळच्या वन-शॉटला हे खपून जातं. त्यापुढे नाही.

हवे असतात ते फेरे: ज्या वाटेने गेलो तिथून न परतता दुसरीकडून परत येता येणं. आत शिरायला एकाहून जास्त तोंडं असणं. या कलेत जेनेल जेक्वेजचं नाव आजही घेतात. १९७९ साली जजेस गिल्डसाठी त्यांनी केलेलं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' हे थर्ड-पार्टीच होतं, आणि खालच्या मजल्यांकडे जायच्या त्यात इतक्या वाटा आहेत, की दोन ग्रुपचे अनुभव सहसा सारखे होत नाहीत. पुढे त्याच बाईंनी क्वेक मालिकेतल्या व्हिडिओ गेमच्या लेव्हल आखल्या, यात मला तरी नवल वाटलं नाही.

फेरा का महत्त्वाचा? कारण त्याने खेळाडूंना निवड मिळते. समोर गॉब्लिनांचा पहारा आहे, मग मागून जाऊ. लढाई अंगलट आली, मग पळून वळसा घालू. सरळ रांगेत पळायला एकच दिशा असते आणि ती घराकडे जाते.

जाता जाता तपासा: नकाशावरचे आकडे आणि मजकुरातले आकडे जुळतात का? खोली ९ ला नकाशात दोन दारं आणि मजकुरात तीन, असं दिसलं तर संपादकाने, असलाच तर, हे पान उघडलेलं नाही. ऑनलाइन खेळत असाल तर आकडे आणि गुप्त दारं नसलेला वेगळा नकाशा मिळतो का तेही बघा. नाहीतर रोल२० या ऑनलाइन टेबलावर नकाशा चढवताच सगळ्यांना एस अक्षराने दाखवलेलं गुप्त दार दिसेल.

पायरी ५: अडून बसणारी दारं शोधा

माझ्या त्या दाराचा हिशेब आता मांडतो. १५ हवेत, खेळाडूचा बोनस +२. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त पडायला हवेत: ४० टक्के. पाच जणांनी टाकल्यावर सगळेच हुकण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. कमी वाटते ना? पण ज्या शनिवारी ती खरी ठरली त्या शनिवारी अ‍ॅडव्हेंचर तिसऱ्या खोलीतच संपलं. ग्रुपमध्ये एकानेच शोधलं असतं, तर ६० टक्के वेळा हेच झालं असतं.

म्हणून पीडीएफ वाचताना पेन्सिलीने एक साखळी काढा: सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायला खेळाडूंना काय काय सापडलंच पाहिजे. प्रत्येक कडीसमोर लिहा, ते किती ठिकाणांहून सापडू शकतं. जस्टिन अलेक्झांडर या डिझायनरने रूढ केलेला नियम प्रसिद्ध आहे: खेळाडूंनी काढायलाच हवा अशा प्रत्येक निष्कर्षासाठी किमान तीन दुवे ठेवा. एक त्यांना दिसणार नाही, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतील, तिसऱ्याचा अर्थ चुकीचा लावता लावता योग्य जागी पोचतील. रहस्यकथेच्या धर्तीवरच्या अ‍ॅडव्हेंचरला ही परीक्षा फार कडक लावा, कारण तिथे दार अडत नाही, अख्खी गोष्ट अडते.

एकच दुवा असलेली कडी दिसली म्हणून लगेच पुस्तक टाकून देऊ नका. ती कुठे आहे ते कळलं हाच फायदा. दुरुस्ती पुढे सांगतो.

पायरी ६: राक्षसांचा हिशेब करा, मग हिशेबावर शंका घ्या

कव्हरवर 'लेव्हल १ ते ३' लिहिलेलं असतं. खरं आहे का ते बघायला २०१४ च्या नियमांतला हिशेब घ्या. लेव्हल १ च्या एका पात्राला जिवावर बेतणारी लढाई म्हणजे १०० एक्सपी (अनुभवाचे गुण, राक्षस किती भारी तेही यातच मोजतात), चौघांना ४००. एकटा ओगर ४५० चा. म्हणजे पहिल्याच लेव्हलला ओगर ठेवलाय तर तो त्या रेषेपलीकडचा आहे. त्याच्या सोट्याचा सरासरी फटका १३ चा, तुमच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, असतील ८. क्रिटिकल (फाशावर वीस) पडला तर सरासरी २२: उरलेलं नुकसान १४, ते कमाल हिट पॉइंटांपेक्षा जास्त, म्हणजे डेथ सेव्ह (जीव वाचवायचा शेवटचा फासा) सुद्धा न मिळता जागीच मृत्यू.

याचा अर्थ ओगर नकोच असं नाही. तो झोपलेला आहे का, बोलतो का, लाच घेतो का, त्याला वळसा घालता येतो का, हे लेखकाने लिहिलंय का ते बघा. वाट अडवून उभा आणि 'मरेपर्यंत लढतो' असं लिहिलेला ओगर म्हणजे लेखकाने हिशेबच केलेला नाही.

उलट बाजूने, हिशेब बरोबर असूनही घात होतो. वरच्या खोलीतले दोन शॅडोच घ्या. प्रत्येकी १०० एक्सपी, दोघे असल्याने दीडपट, म्हणजे ३००: चौघांसाठी 'कठीण' या पायरीवर. २०२४ च्या नियमांत ही पटच काढून टाकली आहे, त्यामुळे तीच लढाई २०० ला, सगळ्यात खालच्या पायरीवर बसते. पण शॅडोचा प्रत्येक फटका १ ते ४ ने ताकद खातो, आणि ताकद शून्य झाली की पात्र मेलंच. विझार्डची ताकद साधारण ८ असते. तीन-चार फटक्यांचा खेळ. शिवाय २०१४ च्या शॅडोवर साध्या शस्त्राचा वार निम्माच लागतो, आणि पहिल्या लेव्हलला जादूची तलवार असते कुणाकडे?

त्यामुळे आकड्यांची बेरीज झाली की प्रत्येक राक्षसाचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांची चौकट) एसआरडीत उघडून त्याची खास करामत वाचा. ताकद खाणारे, दगड करणारे, पळवून नेणारे असतील तर लेखकाने आधी इशारा पेरलाय का? मेडुसाच्या अंगणात घाबरलेल्या चेहऱ्याचे चार पुतळे असायलाच हवेत.

पायरी ७: जुन्या पद्धतीचा खेळ असेल तर सोनं मोजा

ही पायरी फाइव्ह-ईवाल्यांनी सोडून दिली तरी चालेल. पण ओल्ड-स्कूल इसेन्शल्ससारखा, १९८० च्या दशकातल्या बेसिक नियमांवर बेतलेला खेळ चालवत असाल, तर पात्रं वाढतात ती मुख्यतः खजिन्यावर: एक सोन्याचं नाणं म्हणजे एक एक्सपी. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २,००० लागतात, चोराला १,२००, मॅजिक-यूजरला २,५००. गॉब्लिन मारून मिळतात ५. तर पाच जणांच्या ग्रुपला एक लेव्हल चढायला दहा हजारांच्या आसपास नाणी हवीत. 'लेव्हल १ ते ३' लिहिलेल्या डंजनमधला सगळा खजिना मिळून नऊशेच निघाला, तर ते कव्हर खोटं बोलतंय. फाइव्ह-ईतून घाईघाईने इकडे वळवलेल्या पुस्तकांत हा गोंधळ हमखास असतो.

पायरी ८: मराठीत सांगून बघा

ही परीक्षा इंग्रजी मार्गदर्शकांत मिळणार नाही. आमचा खेळ मराठीत चालतो, निदान 'इनिशिएटिव्ह टाका रे' इतपत मराठीत. पुस्तक मात्र इंग्रजी. त्यामुळे चौकटीतला मजकूर वाचून दाखवायचा प्रश्नच येत नाही, तो सांगावा लागतो. एक खोली निवडा, पान झाका आणि समोर आरसा असो वा बायको, मराठीत सांगा. तीन ठोस गोष्टी तोंडात आल्या तर खोली पक्की. 'अम्म... एक जुनी, भयाण, म्हणजे जरा वाईट वाटणारी खोली आहे' असं झालं, तर लेखकाने विशेषणांवर भागवलंय. इंग्रजीत ते लपतं, मराठीत उघडं पडतं. गंमत म्हणजे त्यामुळे आपल्याला चाळण फुकटात मिळते.

शब्दांची फार चिंता करू नका. कोबोल्ड कोबोल्डच राहतो. टॅव्हर्नबद्दल आमच्यात बराच काळ वाद होता. शेवटी जिथे रस्सा मिळतो ती खानावळ आणि जिथे मारामारी होते तो गुत्ता, असं ठरलं. नावांत दोन अ‍ॅपॉस्ट्रॉफी असलेल्या एल्फ राजकुमाराला खेळाडू 'तो टोपीवाला' म्हणणार हेही धरून चाला.

खरा सापळा कोड्यांचा. इंग्रजी यमकावर, स्पेलिंगवर किंवा शब्दाच्या दोन अर्थांवर उघडणारं दार मराठी टेबलावर उघडत नाही. अशी कोडी आधीच हेरा. वस्तू हलवायची, वजन तोलायचं, सावली जुळवायची कोडी कुठल्याही भाषेत चालतात.

आणखी काही सापळे

पानामागे किंमत काढू नका. बारा पानांत तीन रात्री जाऊ शकतात आणि शंभर पानांत एकही धड जात नाही. 'पन्नास नवे राक्षस, तीस जादूच्या वस्तू' अशी जाहिरात असेल तर तो मसाला आहे, भाजी कुठाय ते विचारा. यंत्राने काढलेली चित्रं ड्राइव्हथ्रूआरपीजीवर तशी खूण लावूनच विकावी लागतात. चित्रं तशी म्हणजे मजकूरही तसाच असं नाही, पण मी तिथे मधली तीनच्या ऐवजी सहा पानं उघडतो. आणि डीएम्स गिल्डवरचं पुस्तक मूळ कंपनीच्याच दुकानातलं दिसतं म्हणून अधिकृत समजू नका. तिथेही कुणीही विकू शकतं, फक्त फर्गॉटन रेल्म्ससारखी कंपनीची दुनिया वापरायची मुभा असते आणि विक्रीतला निम्मा वाटा लेखकाला मिळतो.

पायरी ९: घेऊन झालंय आणि तसलंच निघालं, तर

पीडीएफ सहसा परत जात नाही. पण वाईट अ‍ॅडव्हेंचरसुद्धा तासाभरात वापरण्याजोगं होतं. पार्श्वभूमीतली फक्त तीन वाक्यं ठेवा आणि ती कुणाच्या तरी तोंडी, भिंतीवर किंवा पत्रात घाला. साखळीतल्या एकच दुवा असलेल्या कड्यांना आणखी दोन दुवे द्या. गुप्त दार पुढचा एकमेव रस्ता असेल तर ते उघडंच दिसू द्या, आणि फासे टाकायला लावायचेच तर 'दार उघडताना आवाज होतो का' यासाठी लावा. नकाशात दोन रांगांच्या मध्ये एक भोक पाडा, झाला फेरा. मरेपर्यंत लढणाऱ्या प्रत्येकासमोर एक शब्द लिहा: भुकेला, भित्रा, कंटाळलेला.

तेही जमण्यासारखं नसेल तर नकाशा ठेवा, बाकी सोडा. त्या राजघराण्याच्या पुस्तकाचा नकाशा मी आजवर तीनदा वापरलाय.

पायरी १०: चालवून झाल्यावर चार ओळी लिहा

रिव्ह्यू लिहाल तेव्हा पहिल्या वाक्यात 'चालवलं' हे सांगा, मग किती जण, कोणती लेव्हल, किती तास, तयारीला किती वेळ. कुठे अडलं आणि तुम्ही काय बदललंत तेही. खोलीचा आकडा द्या, पण खलनायक कोण ते फोडू नका. चित्रांबद्दल शेवटी लिहा, जागा उरली तर.